हॅमिल्टन ढाक्यात, जेफरसन मंडीत

वरूडला कोणीतरी ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हटलं आणि आम्ही ते मनावर घेतलं. संत्र्यासोबत मग अमेरिकेच्या विचारसरण्याही आल्याच. त्या शिकायला व्हिसा लागत नाही. आंबिया बहाराची संत्री घेऊन मंडीत उभं राहिलं की पुरे.

‘भाऊ, भाव काहून पडला?’ असं सरकारला विचारा. सरकार लगेच कमीत कमी सरकार मागणाऱ्या जेफरसनचा शिष्य बनतं: बाजारात आम्ही कशाला पडावं? 1933 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मात्र पडले होते. भाव चढावा म्हणून त्यांनी शेतातला उभा कापूस नांगरायला शेतकऱ्यांना पैसे दिले. आमच्याकडं माल कमी करायचं हे काम फळगळ फुकटात करते.

आयातीवर कर लावून घरचा धंदा जगवा, असं अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टननं 1791 मध्ये सांगितलं. ते बांगलादेशानं पाठ केलं. आमच्या संत्र्यावरचं शुल्क 2023 पर्यंत किलोमागं 88 रुपयांवर गेलं. राज्य सरकारनं त्यातल्या निम्म्याची भरपाई जाहीर केली. म्हणजे कर ढाक्यानं लावायचा, भरायचा महाराष्ट्रानं, आणि संत्रावाल्यानं दोन्हीकडच्या बातम्या वाचायच्या.

कापसाचंही तेच. ऑगस्ट 2025 मध्ये, जगाला मुक्त व्यापाराचं कीर्तन ऐकवणाऱ्या अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के शुल्क बसवलं. त्याच महिन्यात स्वदेशीचा जप करणाऱ्या दिल्लीनं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काही काळ उठवलं. एकानं दार लावलं, दुसऱ्यानं उघडलं. बोट दोन्हीकडं वऱ्हाडाचंच चेंगरलं. खुली बाजारपेठ मागता मागता शेतकरी नेते शरद जोशी गेले. 2025 मध्ये ती मिळाली, पण फक्त येणाऱ्या मालाला.

सगळा दोष सरकारचा म्हणावा, तर खरा कॅलिफोर्निया आडवा येतो. व्यक्तिवादाच्या त्या माहेरघरात संत्रावाल्यांनी 1893 मध्ये एकत्र येऊन आपला विक्री संघ काढला. ‘सनकिस्ट’ हे नाव त्याच संघानं जगभर नेलं. आम्ही पडलो सहकाराच्या महाराष्ट्रातले! इथं ज्याचा त्याचा बगीचा ज्याच्या त्याच्या व्यापाऱ्याला उक्ता, आणि आपली बोअर शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा शंभर फूट खोल. जमिनीखालचं पाणी संपत आलं, पण व्यक्तिस्वातंत्र्याला आम्ही धक्का लागू दिला नाही.

संत्र्याला हमीभाव मिळावा म्हणून आता मोर्चा काढायचं ठरतंय. मागणीवर एकमत आहे. पुढारी कोण, यावर तीन मोर्चे निघतील.