भुसा की ढलप्या?

शेजाऱ्याकडे ड्रिल मशीन मागायला जावं आणि तासाभरानं, बिटांच्या प्रकारांवर व्याख्यान ऐकून, रिकाम्या हातानं परत यावं, हा अनुभव ज्यांनी घेतलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही. बाकीच्यांना काका ठाऊकच आहेत. फक्त आमच्या काकांकडे ड्रिल नाही, चेनसॉ आहे. चेंबूरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेत, दिवाणाखाली, शिळ्या पेपरवर.

चेंबूरमध्ये चेनसॉ बाळगणं ही मुळातच विरक्त वृत्ती झाली. इथे आवारातल्या झाडाची फांदी छाटायची तरी एम-पश्चिम वॉर्डाच्या उद्यान खात्याकडे अर्ज. अख्खं झाड काढायचं तर १९७५ चा कायदा, वृक्ष प्राधिकरण, खोडाला चिकटवलेली नोटीस आणि हरकती. त्यामुळे काकांच्या मशीननं चेंबूरची एक काटकीही कापलेली नाही. निगा मात्र अशी, की काकू म्हणतात, "माझ्या गुडघ्यांना एवढं तेल मिळालं असतं तर मी रायगड चढले असते."

मशीन घेण्याचं निमित्त खरं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धनकडच्या काकांच्या वाडीतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. गावोगावी तीच गत, त्यामुळे कटरवाला मिळेना. काका माहुलच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले, तेही मेंटेनन्समधून. शटडाउन काढलेला माणूस कटरवाल्याच्या विनवण्या थोड्याच करणार? त्यांनी मशीन घ्यायचं ठरवलं, म्हणजे मशीनचा अभ्यास करायचं ठरवलं.

नागदेवी स्ट्रीटवर मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं उत्साहानं ५८ सीसीचं, २२ इंची बारवालं मशीन पुढे केलं. किंमत निम्मी. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आधी साखळी दाखवा. मग कानस. मग एअर फिल्टर. हे तीन बारा महिने कुठे मिळतील ते सांगा, मशीनचं नंतर बघू." मग खिशातून व्हर्निअर काढलं आणि दुकानदारालाच साखळीची पिच मोजायला शिकवली: लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्यायचं आणि निम्मं करायचं. बार किती लांब हवा, यावर तर दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. बार जेवढा लांब तेवढं इंजिन दमतं, पोफळीला सोळा इंच पुष्कळ, बावीस इंच दाखवायला. दुकानदारानं शेवटी चहा मागवला, तो बहुधा स्वतःसाठी. काकांनी स्टिल कंपनीचं ४५ सीसीचं मशीन पक्कं करेपर्यंत वाडीतली पडलेली झाडं चुलतभावानं हातकरवतीनं कापून सरपणाला लावली होती.

आता धारेबद्दल. हे टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं. काकांना टाळता येत नाही.

त्यांचा सिद्धांत असा: धारदार साखळी ढलप्या काढते, बोथट साखळी भुसा पाडते. लाकडाकडे बघायची गरज नाही, खाली काय पडतंय ते बघा. एवढ्यावर थांबले असते तर चांगलं तांत्रिक ज्ञान म्हणून आम्ही ऐकून घेतलं असतं. पण काकांनी हा दंडक विश्वाला लावला. सूनबाई नारळ खवत बसल्या की हे वाकून बघणार. "भुसा! विळीची खवणी गेली." नातू पेन्सिलीला टोक काढतोय, तर शार्पनरखालचा कचरा हातावर घेऊन "ढलपी, शाब्बास." सलूनमध्ये खुर्चीवरून उठल्यावर माणूस आरशात बघतो, काका जमिनीवर बघतात. सोनपापडी त्यांनी आयुष्यातून वर्ज्य केली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्ष पाऊण तास बोलले, तेव्हा मागच्या रांगेतून फक्त एक शब्द आला. कुठला, ते सांगायला नको.

त्यांचं इतिहासाचं ज्ञानही अचूक असतं आणि प्रसंगाचं भान अजिबात नसतं. आमच्या पुतणीच्या मुलीच्या बारशाला, पाळणा सजलेला, घुगऱ्या वाटल्या जाताहेत, अशा वेळी काकांनी बाळंतिणीला सांगितलं की साखळीची करवत मुळात झाडांसाठी नव्हतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन स्कॉटिश डॉक्टरांनी ती अडलेल्या बाळंतपणात हाड कापायला काढली. बारीक दात्यांची साखळी, दोन्ही टोकांना मुठी, हातानं ओढायची. पुतणी पांढरीफटक पडली. काका तिला धीर द्यायला पुढे म्हणाले, "आता नाही वापरत." मग जेवणाच्या पंगतीत मोबाइलवर एका अळीचा फोटो फिरवला. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं लाकूड पोखरणारी अळी पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे सफाईनं चालत होते. त्यावरून त्यानं साखळीचा वाकडा दात घडवला, आणि आजही साखळ्यांचे दात त्याच घराण्यातले आहेत. श्रीखंड खाताना अळी बघावी लागली तरी गोष्ट चांगली आहे, हे मान्य करायला हवं.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं. मुंबईत दोन हजारांवर झाडं पडली, त्यातला एक गुलमोहर थेट आमच्या गेटात. अखेर काकांचा दिवस उगवला! वरून आवाज येऊ लागले. आधी ताजं मिश्रण: लिटरभर पेट्रोलला वीस मिली टू-टी, तेही केमिस्टकडून आणलेल्या सिरिंजनं मोजून. मग साखळीचा ताण: बारखाली लोंबता कामा नये आणि हातानं ओढली तर सरकली पाहिजे. मग चेनब्रेक. मग ती जाड विजार, जिच्या आतले धागे साखळीत गुंतून मशीन जागच्या जागी थांबवतात. हेल्मेट, जाळी, कानपट्टे लावून, मे महिन्याच्या दमटपणात घामानं निथळत काका खाली आले, तेव्हा अग्निशमन दलाची माणसं रस्ता मोकळा करून पुढच्या गल्लीत गेली होती. काका वाकले, ओल्या जमिनीवरून चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं. "ढलप्या," म्हणाले. आणि समाधानानं वर गेले.

पुढे आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. हल्ली चेंबूरमध्ये न जाणारी इमारत दाखवून द्या. आवारातला पर्जन्यवृक्ष नकाशातल्या पोडियम पार्किंगच्या बरोबर मधोमध उभा होता, हा त्याचा गुन्हा. सभेत अध्यक्षांनी २०१७ ची आठवण काढली. जुलैत स्वस्तिक पार्कात नारळाचं झाड अंगावर पडून एका बाईंचा जीव गेला, डिसेंबरात डायमंड गार्डनपाशी आणखी एकीचा. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि भयंकर. फक्त आमच्या झाडाच्या बुंध्यात तेव्हा काही दोष नव्हता. दोष नकाशात होता. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, कारण मला दोन गाड्यांची जागा मिळणार होती.

तोडायला आलेल्या टोळीत मशीन एका विशीतल्या पोराच्या हातात होतं. पायांत स्लिपर. मशीन नुसतं ओरडत होतं, धूर निघत होता, आणि पोरगा अंगाचा भार टाकून ते खोडात दाबत होता. खाली पिठासारखं बारीक पडत होतं. खिडकीत उभ्या असलेल्या प्रत्येकानं एकाच वेळी दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

काका लेंग्यावर खाली आले. हातात ४.८ मिलीमीटरची गोल कानस. "बंद कर रे." पोरानं केलं. काकांनी फूटपाथवर बैठक मारली, बार मांडीत धरला, पहिल्या दातावर खडूनं खूण केली. तीस अंशांत, आतून बाहेर, प्रत्येक दाताला तीन हात. "एकही साइडको ढकलनेका, वापस घासते घासते नहीं लानेका. सब दात एक साइज होना मंगता, नहीं तो कट टेढा जाएगा." एका बाजूचे झाले, मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. मग चपट्या कानशीनं दातांपुढचे उंचवटे किंचित उतरवले. बारच्या खाचेतली घाण काडीनं काढली, बार उलटा करून बसवला. पोरगा उकिडवा बसून बघत होता. इतकी वर्षं आम्हाला ज्याचा कंटाळा आला, ते ऐकणारा पहिला माणूस काकांना भेटला होता, आणि तो आमच्याच झाडाच्या मुळावर आलेला.

मशीन पुन्हा सुरू झालं. खोडातून जाड, ओलसर ढलप्या उडायला लागल्या. काकांनी या वेळी एकही उचलली नाही. झाड पडायच्या आत वर निघून गेले.

संध्याकाळी मला कळलं की खोडावरच्या नोटिशीला आमच्या सोसायटीतून एकच हरकत गेली होती. दोन पानांची, हातानं लिहिलेली, घेराच्या मापासकट. ती फेटाळली गेली होती. मी वर जाऊन विचारलं, "काका, मग धार कशाला लावून दिलीत?"

"बोथट मशीनवर माणूस जोर देतो. जोर दिला की बारचं टोक उसळतं. त्या पोराच्या पायात बूटसुद्धा नव्हते." मग थोडं थांबून, चिडून, "आणि कापायचंच आहे तर नीट तरी कापा! त्या झाडाचा भुसा करत होते."

माझ्याकडून त्यावर काही बोलणं झालं नाही. दोन गाड्यांची जागा, आणि काय बोलणार?

काका-काकू सध्या घाटल्याला भाड्यानं राहतात. करार करताना एजंटानं ज्वलनशील पदार्थांचं कलम वाचून दाखवलं, तेव्हा काकांनी त्याला समजावलं की टाकी कोरडी आहे, कारण हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ओलावा धरतो आणि भरून ठेवलेलं मशीन कार्ब्युरेटरपासून खराब होत जातं. एजंटानं पेन खाली ठेवलं. घरमालक मात्र पुढे सरकून बसले. ते मूळचे पालघाटचे, तिकडे त्यांची रबराची झाडं, आणि तिथल्या मशीनची साखळी म्हणे सारखी डावीकडे ओढते. काकांनी विचारलं, "खाली काय पडतं?" त्यानंतर दोघं रात्री नऊपर्यंत बोलत होते. आता दर सुट्टीला गावाहून येताना घरमालक साखळी आणतात, काका धार लावून देतात. भाडं मात्र त्यांनी एक रुपयानं कमी केलेलं नाही.