माझा पोपट झाला

घरात आपल्याला कोणी विचारत नाही, ही तक्रार मी गंपू आल्यापासून बंद केली होती. गंपू म्हणजे कॉकटेल. जातीने पोपटच. खरं नाव कॉकॅटील, पण पक्षीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे कॉकटेलच म्हणतात. ‘यांनी घरी कॉकटेल आणलंय’ हे सासूबाईंना फोनवर सांगताना बायकोला बराच खुलासा करावा लागला.

मी दारात आलो की गंपू शीळ घालायचा, चोच टकटक आपटायचा, पंख पत्त्यांतल्या बदामासारखे धरायचा. दाणे घालते बायको, पिंजरा धुते बायको, पण जीव माझ्यावर! ती शेजारी बसली की तिचं बोट फोडायचा. मी वरवर ‘गंपू, नाही हं’ म्हणायचो, आतून गुदगुल्या. एकदा तर त्याने मान वरखाली हलवत पोटातले राळे माझ्या कानात ओतले.

“आई पिलाला भरवते तसं!” मी सद्गदित.

“अहो, आधी कान धुऊन या.”

मराठीने या पक्ष्यावर फार अन्याय केलाय. घोकंपट्टी केली की पोपटपंची, फजिती झाली की पोपट. आपला हिरवा राघू पाळणं तर 1972च्या कायद्याने गुन्हाच. म्हणून तर हा ऑस्ट्रेलियाचा जावई. आणि शुकबहात्तरीतला पोपट आठवा: मालक परगावी, मालकीण नटूनथटून निघालेली, आणि हा रोज रात्री एक गोष्ट सांगून तिला उंबऱ्याच्या आत ठेवतो. दुसऱ्याचा संसार एवढ्या निगुतीने कोणी सांभाळलाय? आमचा गंपू नेमका उलटा. मालकीण घराबाहेर जावी म्हणून झटणारा.

शेवटी बायकोच्या बोटाला पट्टी आणि पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई.

“पाठीवरून हात फिरवता?”

“रोज. टीव्ही बघताना.”

“मग त्याच्या लेखी तुम्ही त्याची मादी आहात.”

बायको भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता अतिशय मन लावून वाचू लागली.

हात फक्त डोक्यावर आणि मानेवर, बारा तास अंधार, गरम मऊ भात बंद, चपलांच्या कपाटात शिरू द्यायचं नाही, चकाकणाऱ्या वस्तू दूर. रानात पाऊस झाला, दाणा पिकला की यांच्या अंगात हंगाम येतो, आणि ओसरतोही. आमच्याकडे साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट, वाफाळता वरणभात, कपाटातला ढोलीसारखा अंधार. बारा महिने श्रावण. वर मी रोज मालिकेच्या ब्रेकमध्ये साखरपुडा करत होतो आणि लग्नाचं नाव काढत नव्हतो. त्याने चावू नये तर काय करावं? याला मी माझं आकर्षक व्यक्तिमत्त्व समजत होतो.

आता सातला पिंजऱ्यावर चादर पडते. पहिले काही दिवस तो चादरीआडून मला शीळ घालायचा आणि मी स्वयंपाकघरात दिवा न लावता गप्प उभा राहायचो. उत्तर द्यायचं नव्हतं. सात वाजता झोप न येणारं कोणी आपल्याला हाक मारतंय आणि आपण घरात नसल्याचं सोंग करतोय, हे मला फार जड गेलं.

महिन्याभरात चावणं थांबलं. परवा डायनिंग टेबलावर तीच शीळ ऐकू आली. मी भांग सारखा करून गेलो. गंपू माझ्या स्टीलच्या पेल्यासमोर पंखांचा बदाम धरून उभा होता.

हल्ली मी काचेच्या ग्लासने पाणी पितो.