घमेलं आणि थापी

"काय मावशी, सकाळी सकाळीच कुपाटीपाशी?"

"कळलं का तुला? खालच्या आळीतली सून गवंडीकाम शिकायला नाव घालतीया म्हणं. सासू बसलीय तोंड फुगवून."

"त्यात फुगायचं काय? चार वर्षं घमेलं वाहतेच की ती."

"घमेलं वाहणं येगळं, थापी धरणं येगळं."

"येगळं कसं? माल तिनं कालवायचा, विटा तिनं चढवायच्या, भिंतीला पाणी तिनं मारायचं. शनिवारी हिशेब झाला की तो मिस्त्री, ही बिगारी. दोघांच्या रोजातल्या फरकात घरचा किराणा येतो, मावशी."

मावशीनं दातवण थुंकलं आणि आवाज खाली आणला.

"माझं माहेर सास्तूरकडचं, ठावं हाय ना? 1993 ला गणपती बुडवून माणसं निजली, अन् 30 सप्टेंबरला पहाटं चारच्या सुमाराला भुई हालली. ह्या रुंद दगडी भिंती, सगळ्या मातीत रचलेल्या. वर माळवदावर मातीचा थर. सगळं झोपेत अंगावर आलं. भुईनं नाही मारलं बाई, घरांनी मारलं."

"हो ना."

"मग दुरुस्त्या निघाल्या. स्वयं शिक्षण प्रयोग म्हणून संस्था होती. महिला मंडळातल्या बायांना त्यांनी 'संवाद सहायक' केलं. माझी भावजय बी त्यातली. घरोघर सांगत फिरायची, माळवदावरली माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, म्हंजी आतली अन् भायेरली बाजू एकमेकीला धरून ऱ्हाती. दारा-खिडक्यांच्या वरून घरभर सिमेंटचा पट्टा फिरवा. गवंड्यानं सळई चोरली तर तिथंच बोट दाखवायची. आधी गडीमाणसं हसायची. मग 'वैनी, जरा बघून जा' म्हणायला लागली."

"आणि 2001 ला कच्छात भूकंप झाला, तेव्हा इकडच्या बायका तिकडच्या बायांना सांगायला गेल्या होत्या."

"व्हय. पण ते सांगणं झालं गं. परांचीवर चढायचं म्हंजी…"

"झारखंडात चढल्या की. गावोगाव संडास बांधायचे होते, मिस्त्री मिळेनात. बायाच शिकल्या. 'रानी मिस्त्री' म्हणतात त्यांना. घरकुलासाठी गवंडी तयार करायचं शिक्षणही 45 दिवसांचं असतं, खरंखुरं घर बांधत शिकायचं. भिंत ओळंब्यात आहे का नाही, हे ओळंबा सांगतो. तो कुणाच्या हातात आहे, हे भिंत विचारत नाही."

"लईच शिकलीस."

"आणि ती बांधकाम कामगार मंडळाकडची नोंद? वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बाईचं नाव ठेकेदाराच्या वहीतच नसेल, तर दाखला कशाचा द्यायचा?"

मावशी गप्प झाली. मग हळूच म्हणाली,

"माझ्या न्हाणीचं पाणी मोरीकडं जायचं सोडून उंबऱ्याकडं येतंय. गेल्या उन्हाळ्यात फरशी बसवली. त्या मिस्त्रीला तीनदा निरोप धाडला, फिरकला नाही. शिकून झालं की ती पोर उतार काढून देईल का?"

"देईल की. पण रोज मिस्त्रीचा द्यावा लागेल."

"बिगाऱ्याचा नाही चालायचा?"

"मावशी!"

"बरं बाई, मिस्त्रीचा. पण तिच्या सासूला सांगू नको, मी बोलावलं म्हणून."