सोळा कोअर, एक हमाल

सर्व्हरला कोअर सोळा. तरी नेटवर्क रखडलं की आपण आधी केबल हलवतो, मग स्विचला शिव्या घालतो, शेवटी मशीनच रीस्टार्ट करतो. लिनक्सच्या ‘प्रॉक’मधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल मात्र कोणी उघडत नाही. उघडली तर दिसतं: नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट एकट्या शून्य नंबरच्या सीपीयूच्या डोक्यावर, आणि बाकीचे पंधरा लग्नातल्या जावयांसारखे लोडाला टेकून. (लोड त्यांना माहीत आहे तो हाच.) सरासरी वापर सहा टक्के, म्हणून साहेब खूश! २०१० साली लिनक्स २.६.३५मध्ये पॅकेटं सगळ्या कोअरांत वाटून देणारं आरपीएस आलं. ते मुळात बंदच असतं. इंटरप्ट वाटणारा ‘आयआरक्यूबॅलन्स’ नावाचा मुकादमही आहे. तो चालू आहे का, विचारलं. उत्तर आलं, “इन्स्टॉल तर केलाय.”