जावयाचे बूट

बापाचा जोडा मुलाच्या पायात आला की त्याला मित्रासारखं वागवावं, असं आपल्याकडे म्हणतात. जावयाचे बूट सासऱ्याच्या पायात आले तर काय करावं, याबद्दल पूर्वज गप्प आहेत. त्यातून या बुटांना चाकं होती. एकामागे एक, चार.

स्थळ बर्लिन, टेम्पलहोफर फेल्ड. हा मूळचा विमानतळ. २००८ साली बंद पडला, २०१० साली लोकांना फिरायला खुला झाला. २०१४ मध्ये त्याच्या कडेनं इमारती उभारायचा बेत निघाला, तर बर्लिनकरांनी मतदान करून तो हाणून पाडला. (शहरात तीनशेच्या वर हेक्टर मोकळी जागा! आमच्या पुण्यात एव्हाना तिथं ‘एअरपोर्ट व्ह्यू’ नावाची सोसायटी होऊन तिला टँकर सुरू झाला असता.) धावपट्ट्या मात्र जशाच्या तशा आहेत. त्यांवरून माणसं इनलाइन स्केट्स घालून, हात पाठीशी बांधून, सकाळी दूध आणायला निघाल्यासारखी जातात.

“बाबा, गुडघे वाकवा. वजन पुढं. पडलात तर पुढंच पडा, पॅड आहेत,” लेक म्हणाली. गुडघे, कोपर, मनगटं बांधून झाली होती. डोक्यावर हेल्मेट होतं.

“अहो, विम्याचे कागद कुठल्या बॅगेत आहेत?” हे सौ.

ब्रेक उजव्या टाचेला असतो. रबराचा ठोकळा; जावईबापूंनी आदल्याच रात्री माझ्यासाठी नवाकोरा बसवला होता. उजवा पाय पुढं सरकवायचा, चवडा उचलायचा, टाच दाबायची. सोपं आहे. पण मी तीस वर्षं बजाज चेतक चालवलेला माणूस. ब्रेक उजव्या पायाला, इथवर आमचं जमलं. पण तो दाबायचा चवड्यानं, हे हाडात मुरलेलं. चवडा दाबला की टाच उचलली जाते आणि माणूस आणखी पुढं झुकतो.

वारा मागून होता. त्या माळावर त्याला अडवायला झाडसुद्धा नाही. मी काही न करता निघालो. १९४८-४९ मध्ये रशियनांनी बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा इथंच कोळसा नि पीठ घेऊन विमानांमागून विमानं उतरत होती. एक वैमानिक पोरांसाठी हातरुमालांच्या छत्र्यांना चॉकलेटं बांधून खाली सोडायचा. ती विमानं लादलेली असूनही धावपट्टी संपायच्या आत थांबत. मी रिकाम्या पोटी होतो, तरी थांबेना. चवडा दाबत होतो, वेग वाढत होता.

सातेक वर्षांची एक मुलगी शेजारून उलटी, म्हणजे माझ्याकडे तोंड करून, आली. माझा चेहरा पाहून तिनं आदरानं वाट दिली.

पुढं गवतात दोरी लावून चंडोलांच्या घरट्यांसाठी जागा राखलेली आहे. पक्ष्यांच्या संसारात शिरायला नको म्हणून मी अलीकडेच गवतावर आडवा झालो. हा निर्णय माझा होता, असं मी घरी सांगितलं आहे.

परतताना मोज्यांवर चाललो. बूट गळ्यात, वारा तोंडावर, आणि शेजारी सौ. काहीही न बोलता.

संध्याकाळी जावईबापूंनी बूट हातात घेतले, उलटे करून पाहिले नि चकित झाले.

“बाबा, ब्रेक जराही झिजलेला नाही! तुम्ही तर अगदी सराईत निघालात.”