लूटमास्तर

लातूरच्या ट्यूशन एरियात स्वतःला डॉक्टर व्हायचंय म्हणून आलेली पोरं असतात, आणि बापाला डॉक्टर करायचंय म्हणून आलेलीही असतात. या दोन्हींमधूनच, साधारण नीट परीक्षेच्या दुसऱ्या रिपीटच्या सुमारास, लूटमास्तर निपजतो. तो नांदेडलाही सापडतो, श्यामनगरात, भाग्यनगरात. पण अस्सल वाण लातूरचा.

अंगात दोन वर्षांपूर्वीच्या क्लासचा टी-शर्ट, पाठीवर छापलेले मार्क कुणा दुसऱ्याच पोराचे. खोलीत भिंतीवर पिरियॉडिक टेबल. टेबलावर लॅपटॉप, जो लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लाससाठी बापानं, म्हणजे अण्णांनी, घेऊन दिला. आणि शेजारी दोनशे पानी वही, जिच्या पहिल्या पानावर ‘फिजिक्स’ लिहिलंय आणि दुसऱ्या पानापासून फिजिक्सचा काही संबंध नाही.

वहीत डायब्लो टू या गेमचा हिशोब असतो. गेम २००० सालचा, म्हणजे मास्तरहून थोरला. २०२१ मध्ये तो रंगरंगोटी होऊन परत बाजारात आला, पण ती रंगरंगोटी या लॅपटॉपला झेपत नाही. जुना झेपतो, नेट मागत नाही, आणि सरकारला त्याचा पत्ता नाही. हा शेवटचा मुद्दा मास्तरच्या लेखी सगळ्यात मोठा. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली, त्यात त्याची पहिली कमाई बुडाली. २०२१ च्या जुलैत पब्जीच्या जागी बीजीएमआय आलं, म्हणून नव्यानं कपडे, बंदुकीचे रंग जमवले, तर २०२२ च्या जुलैत तेही स्टोअरवरून गायब. पुढच्या वर्षी ते परत आलं तेव्हा मास्तरनं ठरवून टाकलं होतं, की ज्या मालाचा बाजार वरून एका कागदानं बंद होतो त्यात जीव घालायचा नाही. तूर पिकवणाऱ्या घरातलं पोरगं ते. भाव जरा वर सरकला की बाहेरची तूर बंदरावर कशी उतरते हे त्यानं लहानपणापासून जेवताना ऐकलंय.

खेळ एवढाच, की राक्षस मारायचा. मरताना तो काहीतरी टाकतो. बहुतेकदा गाळच असतो, पण कधीतरी सोनेरी अक्षरांतली वस्तू पडते. मास्तरला एकच हवीय, ग्रिफन्स आय नावाचा मुकुट. तो घातला की त्याच्या चेटकिणीच्या विजेपुढं कुणी टिकत नाही म्हणे. बाकी जग गेममध्ये गुहा बघत हिंडतं, गोष्ट काय आहे ते समजून घेतं. मास्तर ते करत नाही. तो मेफिस्टो नावाच्या एकाच राक्षसाला मारतो. मारला, पडलेलं बघितलं, सेव्ह केलं, बाहेर पडला, परत आत आला. मेफिस्टो पुन्हा जागेवर उभा, काही झालंच नसल्यासारखा. नेटशिवाय खेळलं की नकाशा तोच राहतो, हे कळल्यावर मास्तरनं नकाशे नापसंत करण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि जिन्याचं दार पायाशी असलेला एक निवडला. आता तो त्या वाटेनं डोळे मिटून जातो. डोळे कधीकधी खरंच मिटलेले असतात, पहाटेचे तीन वाजलेले असतात.

याला मी आळस म्हणणार नाही. ही पद्धत त्याला लातूरनंच शिकवली. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या पोरांनी नव्वदच्या दशकात बोर्डाच्या गुणवत्ता याद्या भरून टाकल्या, तेव्हापासून ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राला पाठ झाला. त्यात गूढ काही नव्हतं. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, घड्याळ लावून सोडवायच्या, चुकलेलं पुन्हा सोडवायचं, आणि कंटाळा आला हे कुणाला सांगायचं नाही. मास्तरनं यातलं एक अक्षर बदललं नाही. फक्त परीक्षा बदलली.

एकदा मी त्याच्या खोलीत डबा द्यायला गेलो, तर समोर अकरावीतली चार पोरं मांडी घालून बसलेली. मास्तर शिकवत होता.

“लोक पर रन हिशोब करायलेत. पर आवर करायचा. इथं शंभरात एक पडतंय, पण एका फेरीला पाच मिनिटं. तिथं दोनशात एक पडतंय, पण दोन मिनिटांत काम खलास. सांग, कुठं जावं?”

एक पोरगं म्हणालं, “जिथं शंभरात एक हाय तिथं.”

“बस खाली. तासाला बारा फेऱ्या, म्हणजे शून्य पॉइंट बारा. दुसरीकडं तीस फेऱ्या, शून्य पॉइंट पंधरा. अशानं नीट निघायलीय का तुझी?”

मग त्यानं मॅजिक फाइंड शिकवलं. अंगावर नशीब वाढवणारे कपडे घालता येतात. पण अंगावर २५० टक्के चढवलं तरी सोनेरी वस्तूंपुरतं १२५ च लागू होतं, आणि ५०० केलं तर जेमतेम १६६. वर त्या कपड्यांना मारायची ताकद नसते, म्हणून राक्षस मरायला उशीर, म्हणजे तासाच्या फेऱ्या कमी. “नशीब जास्त घातलं की काम कमी होतंय,” मास्तर म्हणाला, आणि चारही पोरांनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. ती त्याला सर म्हणतात. बाहेर फी भरून ज्यांना सर म्हणावं लागतं, त्यांच्या तासाला हीच पोरं झोपतात.

शंभरात एक पडतं म्हणून शंभरदा मारलं की मिळालंच, अशी भाबडी समजूत त्याच्यासमोर बोलून दाखवू नये. तो कॅल्क्युलेटर काढतो. शंभर फेऱ्यांनंतर मिळालेलं असण्याची शक्यता ६३ टक्के, उरलेले ३७ टक्के हात हलवत परत. तीनशे फेऱ्या केल्या तरी शंभरातले पाच जण कोरडेच. “राक्षसाला आठवण नसतेय काका. आपण किती वेळा आलो ते त्याला माहीत नाही.” हे तो इतक्या समजूतदारपणे सांगतो, की त्याचे नीटचे दोन्ही निकाल मला एकदम आठवले आणि मी विषय बदलला. विषय बदलून उपयोग नव्हता. नीटमध्ये बरोबरला चार, चुकीला वजा एक. चारातला एक पर्याय डोळे झाकून ठोकला तरी सरासरी पाव मार्क मिळतो. १८० प्रश्न असेच ठोकले तर ४५. या पंचेचाळीसला तो ‘बेस ड्रॉप’ म्हणतो, आणि आपण बेसच्या बरेच वर आहोत हे अण्णांना समजावून सांगतो.

ही बुद्धी त्याला कुठून आली याचा मी शोध घेतला. २०१६ च्या उन्हाळ्यात तो जेमतेम दहा-बारा वर्षांचा असेल. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलेलं. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे, जलदूत, आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, आणि स्टेशनवर इंजिनाचे फोटो काढणारी गर्दी पाण्याच्या रांगेपेक्षा मोठी. घराघरांत त्या वर्षी एकच खल चालायचा. गल्लीत येणाऱ्या टँकरला थांबावं, लांबच्या बोअरला घागरी घेऊन जावं, की जारवाल्याला पैसे द्यावेत? थांबलं आणि टँकर नाही आला तर? बोअरला गेलो आणि नेमका टँकर आला तर? आई टँकरच्या बाजूची, अण्णा बोअरच्या बाजूचे, आणि घागर उचलणारा मास्तर. तासाला घागरी किती, हा हिशोब तिथला आहे. पुढं त्यात राक्षस आले.

अण्णांचं आणि त्याचं पटत नाही, असं लोक म्हणतात. मला ते दोघं एकच माणूस वाटतात. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. अण्णांनी त्याच्या आधीच, पाच हजाराला, सगळं घालून टाकलेलं. तेव्हापासून दर दिवाळीनंतर ते पोती घरात लावतात आणि वाट बघतात. २०२४ ला हमीभाव ४,८९२, आणि आडतीत त्याच्याही खाली. अण्णा बसलेले. समोरच्या खोलीत पोती, मधल्या खोलीत पाहुणे.

मास्तरनं एका रविवारी गावी जाऊन त्यांना वही दाखवली. मालाला घट येते, उंदीर खातात, पीककर्जाचं व्याज चढतं. थांबण्याला दर महिन्याला किती पडतं ते त्यानं क्विंटलमागं काढलं होतं. “अण्णा, एकदा पडलं म्हणून परत तिथंच पडंल असं नसतंय.”

अण्णांनी तंबाखू मळत विचारलं, “आन् तुझा मुकूट?”

“त्याचा रेट ठरलेला हाय. गेम करणाऱ्यानं आत लिहून ठेवलाय, कुणालाच बदलता येत नाही. तुमचा रेट कोण ठरवायलंय?”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे मातर खरं बोललास,” आणि आईला चहा टाकायला सांगितला. पोती तिथंच राहिली. मास्तर त्याच पोत्यांवर लॅपटॉप ठेवून रात्री वीस फेऱ्या करून आला.

तर असा हा माणूस गेल्या महिन्यात मामाकडं नांदेडला गेला. सचखंडला मत्था टेकला, लंगरमध्ये जेवला (रांग, ताट, वेळ यांचा अंदाज घेतला, आणि अशी व्यवस्था आपण कुठंच पाहिली नाही असं मला फोनवर कळवलं), आणि रात्री मामाच्या हॉलमध्ये नेहमीचं काम उघडून बसला. मामाची मुलगी अकरावीला, भाग्यनगरच्या क्लासला जाते. ती शेजारी बायोलॉजीचे एमसीक्यू सोडवत होती. दहा-बारा फेऱ्या तिनं बघून घेतल्या.

“काय करूलालास रे दादा?”

मास्तरनं सगळं सांगितलं. पर आवर, मॅजिक फाइंड, ६३ टक्के, निवडून घेतलेला नकाशा. वहीतला आलेखही दाखवला. एका फेरीचा वेळ सहा मिनिटांवरून दोनच्या खाली कसा आणला, ते त्या आलेखात लाल पेनानं होतं.

“अन् पाहिजे काय तुला?”

“ग्रिफन्स आय.”

तिनं पेन्सिल कानामागं खोवली. “मेफिस्टोकडं? त्याच्याकडं ते पडतच नाही की. त्याची यादी ट्रेझर क्लास ७८ ला संपते. तुझा मुकुट ८७ मधला. आमचा भैय्या खेळायचा, मला पाठ आहे.” मग तिनं पान उलटलं. “सिलॅबस बघितला नव्हतास का?”

मास्तरनं वही मिटली, उघडली, आणि परत मिटली. बाहेर मामा कुलूप लावत होते. जरा वेळानं तो म्हणाला, “स्पीड तर बसलाय ना. चॅप्टर तेवढा बदलायचा.”

ती एमसीक्यूमध्ये परत गेली होती.

“पिंडलस्किनला मारायला किती सेकंद लागतात गं?”