दूरच्या डेटाबेसचे उपकार

ओरॅकलच्या डेटाबेस लिंकचा गौरव आपल्याकडे म्हणावा तसा झालेला नाही. टेबलाच्या नावापुढे '@' लावून लिंकचे नाव लिहिले की परगावचा डेटाबेस घरचाच होतो. एवढा सलोखा आपल्या दोन सरकारी खात्यांनाही साधलेला नाही.

तिची खरी थोरवी कळते ती सेशन रखडल्यावर. व्ही$सेशन उघडले की 'एसक्यूएल*नेट मेसेज फ्रॉम डीबीलिंक' अशी नोंद दिसते, म्हणजे पलीकडच्या उत्तराची वाट पाहणे चालू आहे. ओरॅकलने या प्रतीक्षेला 'नेटवर्क' वर्गात बसवले असल्याने प्रकरण तत्काळ नेटवर्कवाल्यांकडे धाडता येते. ते पिंग करून पाहतात आणि लाइन ठणठणीत असल्याचे कळवतात. पलीकडचे डीबीए पाहतात, तर आपलेच सेशन तिथे 'मेसेज फ्रॉम क्लायंट' म्हणत निवांत बसलेले. तिघेही खरे बोलतात, दोष कुणाचाच निघत नाही, आणि रिपोर्ट काही येत नाही. लोकशाहीत याहून निकोप कारभार तो कोणता?

काही उपद्रवी मंडळी मात्र हिशेब मांडतात. एका फेरीला ४० मिलिसेकंद, आणि नेस्टेड लूपने एकेका ओळीसाठी फेरी मारायची ठरवली, तर एक लाख ओळींना ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक. त्यात दोन्हीकडचे सीपीयू जवळजवळ रिकामेच. ही मंडळी आपल्या सर्व्हर प्रोसेसचा क्रमांक घेऊन पलीकडच्या व्ही$सेशनच्या 'प्रोसेस' रकान्यात तो शोधतात आणि तिथले सेशन फुल स्कॅन करते आहे, कुलपापाशी अडले आहे की खरोखरच रिकामे बसले आहे, हे मिनिटभरात सांगतात. यात कसली आली सांघिक भावना? मीटिंग तरी कशाला घ्यायची मग?

ड्रायव्हिंग साइट हिंट देऊन जोडणी मोठ्या टेबलाच्या गावीच उरकावी, असेही ते सुचवतात. सुदैवाने इन्सर्टच्या पोटातल्या सिलेक्टला हा हिंट लागू पडत नाही. रात्रीच्या बॅचची परंपरा त्यामुळे बऱ्यापैकी शाबूत आहे.

कुलपांच्या बाबतीत तर ओरॅकलची माणुसकी वाखाणण्यासारखी आहे. पलीकडे कुणी कमिट न करता जेवायला गेला आणि आपण लिंकवरून त्याच ओळीला अपडेट करू गेलो, तर मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद थांबून ओआरए-०२०४९ मिळतो. जेवण ६० सेकंदांत आटोपत नाही, हे प्रोग्रामरने समजून घ्यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा.

तेव्हा, सुज्ञ वाचकहो, आपल्या टेबलावर आलेल्या नव्या सर्व्हरच्या मागणीपत्रावर निःशंक सही करा. सीपीयू दुप्पट मागितले आहेत, मेमरी चौपट. पलीकडून उत्तर लवकर यावे यासाठी त्यात एकही कलम नाही.